खवणेकर भाऊजींची कलेजी

आमचे शेजारी खवणेकर भाऊजी कोंबडीची कलेजी शिजवण्याआधी तिला सुईने टोचायचे. एकेकीला चार-पाच ठिकाणी. सुईत हातभर लांब लाल दोरा ओवलेला असायचा, कारण एकदा ती रश्श्यात पडली होती आणि सापडेपर्यंत कोणाला घास घेता आला नव्हता. टोचताना ते कलेजीशी बोलायचे, "श्वास घे गो बाय. घे श्वास." माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या गॅलरीत उघडते. पहिल्यांदा हे कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, ह्यांनी घरात कोणी आजारी बाई आणून ठेवली आहे.

आधीच सांगून टाकते, मी हे सगळं जळून सांगते आहे. ज्यांना निवांत, समजूतदार माणसाकडून भाऊजींबद्दल ऐकायचं असेल त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या गुप्तेबाईंकडे जावं. त्या फार गोड बोलतील. का नाही बोलणार? त्यांना कलेजी मिळायची.

ही गोष्ट मुलुंडची, शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची. भाऊजी परळच्या एका मिलमध्ये बॉयलरवर होते. मिल बंद पडली, मुलगी लग्न होऊन मस्कतला गेली, मग बायको गेली. तेव्हा ते परळची खोली विकून आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. उंच, हडकुळे, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी आणि वर जाळीचं बनियन. बॉयलरवर उमेदीची वर्षं गेल्यामुळे त्यांना जगातली सगळी दुखणी एकाच जागी दिसायची. पाण्याच्या टाकीवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक एकमेकांच्या अंगावर गेले की भाऊजी मागच्या खुर्चीतून म्हणायचे, "बोलांदे तेंका. वाफेक वाट व्हयी." तळमजल्यावरची नवी सून जिन्यात बसून रडत होती, तर तिच्या सासूला म्हणाले, "रडांदे. वाफेक वाट व्हयी." आमच्या ह्यांचं पोट फुगलं तेव्हाही तेच म्हणाले, आणि ह्यांनी तो सल्ला माझ्यासमोरच मानला.

आता कलेजीचं सांगते, म्हणजे मी का जळत होते ते कळेल.

एका कोंबडीत कलेजी एकच. मऊ, खायला सोपी, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा डोळा. माझ्या माहेरी पेणला ती भावाच्या ताटात पडायची. पाहुणा आला तर पाहुण्याच्या. सासरी आले तर इथे ती आधी सासऱ्यांची, ते गेल्यावर आपोआप ह्यांची. मी मनात म्हणायचे, आता टोप आपला, पळी आपल्या हातात, आपण घ्यावी एक दिवस. पण वाढणाऱ्या बाईने कलेजी स्वतःच्या ताटात घेतली तर कसं दिसेल? म्हणून मी मानेची हाडं चोखत बसायचे. आयुष्यात एकदा कोणीतरी 'ही तुझी' म्हणून माझ्या ताटात कलेजी वाढावी, एवढीच माझी मागणी होती. सोनं मागितलं नव्हतं.

अशात हा माणूस शेजारी राहायला आला, ज्याच्याकडे दर रविवारी पिशवीभर कलेजी. स्टेशनजवळच्या चिकनवाल्याकडून हॉटेलवाले साफ केलेली कोंबडी न्यायचे, त्यांना आतलं काही नको असायचं. ते सगळं आतलं भाऊजी सकाळी उठून घेऊन यायचे. कलेजी आणि पेटे. पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटातली ती दाणे दळणारी चिवट गाठ. तो चिरायचा, आतले खडे काढायचे, आतली पिवळी साल नखाने सोलायची, मीठ-हळद लावून चोळायचा, आणि मग शिजवत बसायचं, बसायचं, बसायचं. माझ्याकडे कोंबडी आली की पेटा मी सरळ मांजरीला घालायचे.

भाऊजी हे सगळं वेगवेगळं शिजवायचे आणि बिल्डिंगमध्ये वाटायचे. पहिल्या रविवारी त्यांनी कडीचा पितळी डबा माझ्या हातात दिला. "वैनी, गरम आसा. सांभाळा." मी ओट्यावर नेऊन झाकण उघडलं. मालवणी मसाल्याचा असा वास आला की ह्यांनी पेपर खाली ठेवला. मी पळी घातली. पेटा. पुन्हा घातली. पेटा. तळापर्यंत पेटाच.

"चांगलाय की," हे म्हणाले. अर्धा डबा त्यांनीच संपवला.

मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या रविवारीही पेटा. तिसऱ्या रविवारी जिन्यात गुप्तेबाई भेटल्या. बँकेतली नोकरी, बिनबाह्यांचा ब्लाउज, आणि बोलताना डोळे मिटायची सवय. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "काय हो ती कलेजी. जिभेवर ठेवली की विरघळते. तुम्हाला तर शेजारी म्हणून जास्तच मिळत असेल ना?"

मी "हो, खूप" म्हटलं आणि वर आले. त्या दिवशी कपबश्या जरा जोरात आपटल्या गेल्या.

मी चौकशी केली. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हात्र्यांना कलेजी. तळमजल्यावर कलेजी. मीटर बघायला आलेल्या माणसाला बशीत कलेजी. आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईला पेटा. आमच्या ह्यांना सांगितलं तर हसून म्हणाले, "अगं, तो तुला ओळखून आहे. चिवट." मी त्यांच्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलले.

पण डबा धुऊन तसाच देणार कशी? भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून दर वेळी मी त्यात काहीतरी घालायचेच. कधी तांदळाची भाकरी, कधी माहेरहून आलेले पोह्याचे पापड. भाऊजी दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून ओरडायचे, "वैनी, पापड एकदम झकास." मी दात आवळून "हो का" म्हणायचे.

असं चाललेलं असताना मस्कतहून त्यांची मुलगी वसंती आली आणि सोबत मायक्रोवेव्ह घेऊन आली. आमच्या बिल्डिंगमध्येच काय, आजूबाजूलाही तो कोणाकडे नव्हता. टीव्हीएवढं खोकं, समोर काळी काच, आत दिवा आणि फिरणारी काचेची ताटली. वाळवणाशिवाय कधी गच्चीवर न जाणाऱ्या बायका तो बघायला चार जिने चढून आल्या. मला घरात मिक्सर घ्यायला ह्यांच्या तीन बोनसची वाट बघावी लागली होती. तेव्हा मी दारातूनच बघितला आणि म्हटलं, "विस्तवाशिवाय शिजलेलं अन्न अंगी लागत नाही म्हणतात." असं कोणीही म्हणत नव्हतं. मीच म्हणत होते.

वसंतीने निघताना बापाला बजावलं, "बाबा, आत धातूचं भांडं ठेवायचं नाही. स्टील नको, पितळ नको, ॲल्युमिनियम नको." भाऊजींनी मान डोलावली. ती गेल्यावर त्यांनी त्या यंत्राला 'मस्कतवालो' असं नाव दिलं आणि रविवारी उद्घाटन ठरवलं. हळदकुंकू लावलं, दारात नारळ फोडला. मग नवी वस्तू रिकामी ठेवायची नाही म्हणून आतल्या ताटलीवर मूठभर तांदूळ, सुपारी आणि वर एक रुपया ठेवला. हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आपण कपाट आणलं तरी हेच करतो आणि धान्याचा डबा आणला तरी हेच.

मग भाऊजींनी तांदळाच्या बाजूला पाण्याचा कप ठेवला, दार लावलं आणि बटण दाबलं.

आत निळ्या ठिणग्या उडाल्या. चट, चट, चट. गुप्तेबाई ओरडल्या, "मेटल, भाऊ, मेटल." भाऊजी म्हणाले, "भांडा खंय ठेवलंय? तो शकुनाचो रुपयो." तेवढ्यात फ्यूज उडाला आणि घरात अंधार झाला. सगळे हळहळले. मीही हळहळले, पण तोंडावर पदर धरावा लागला.

माझा आनंद पुढच्या रविवारपर्यंत टिकला. मी खिडकीशी कांदे चिरत होते. भाऊजींनी मसाला लावलेली कलेजी काचेच्या भांड्यात घातली, वर झाकण गच्च बसवलं आणि मस्कतवाल्यात ठेवली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, ठप्प. मग ठप्प ठप्प. मग झाकण उडाल्याचा आवाज आणि "अरे देवा." मी डबा परत द्यायच्या निमित्ताने धावत गेले. यंत्राच्या आत छताला, भिंतींना, काचेला, जिथे बघावं तिथे कलेजी. दार उघडल्यावर एक राहिलेली शेवटची भाऊजींच्या चष्म्यावर फुटली.

दुसरा कोणी असता तर ते खोकं पलंगाखाली गेलं असतं. भाऊजी चष्मा पुसून त्या यंत्रासमोर स्टूल घेऊन बसले. बराच वेळ बसले. मग एक कच्ची कलेजी तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरली. "वैनी, हिच्यावर बघा पातळ कातडा आसा. आत पाणी तापता, वाफ होता. जातली खंय ती? बॉयलरचो व्हॉल्व्ह बंद केल्यार काय होता?"

"मला काय माहीत काय होतं?"

"ह्याच होता," ते म्हणाले आणि छताकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून सुई आली. झाकण तिरपं ठेवायचं, थोडं शिजवून थांबायचं, तुकडे परतायचे, पुन्हा थोडं शिजवायचं, आणि झाल्यावर लगेच दार उघडायचं नाही. "आतली वाफ बसांदे. घाई केल्यार तोंडार येता." बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह नव्हता त्यांना, म्हणजे सगळ्यांनाच, भाऊजींनी तो कसा वापरावा हे समजावून सांगितलं. अंडं अख्खं ठेवू नका, बटाटा न टोचता ठेवू नका. म्हात्रेकाकू तर घाबरून गॅसवरचा बटाटासुद्धा टोचायला लागल्या.

पेटासुद्धा त्यांनी एकदा त्यात करून बघितला. तो चपलेच्या पट्ट्यासारखा झाला. तेव्हा पेटा पुन्हा गॅलरीतल्या वातीच्या स्टोव्हवर गेला. मला खिडकीतून दर रविवारी दिसायचं, कलेजी पाच मिनिटांत उरकून वाटून झालेली असायची आणि भाऊजी पाटावर बसून त्या स्टोव्हची वात खालीवर करत असायचे. मध्येच झाकण काढायचे, पळीने एक तुकडा दाबून बघायचे, पुन्हा झाकायचे. उन्हं गॅलरीतून सरकून भिंतीवर जायची तरी माणूस तिथेच. मी मनात म्हणायचे, रिकामटेकडा.

आणि मला कोणी विचारावं की त्या मस्कतवाल्यातली, टोचलेली, श्वास घेतलेली कलेजी कशी लागते, तर मला सांगता आलं नसतं. सगळ्या बिल्डिंगला सांगता आलं असतं.

गुप्तेबाईंनी शेवटी कहर केला. एका रविवारी जिन्यात डोळे मिटून म्हणाल्या, "भाऊंनी आज लिंबू पिळून दिली होती. म्हटलं, भाऊ, तुमच्या शेजारच्या वहिनी किती नशीबवान." मी घरी आले. ओट्यावर कडीचा डबा धुऊन ठेवला होता. त्यात भाकऱ्या घातल्या, कडी लावली आणि पदर खोचला.

हे म्हणाले, "कुठे निघालीस?"

"भांडायला."

"कोणाशी?"

"पेट्यावरून," मी म्हटलं आणि गेले.

भाऊजी गॅलरीत स्टोव्हसमोर बसले होते. टोपातून वाफ येत होती. मी डबा त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला.

"भाऊजी, एक विचारते. राग मानू नका. मानलात तरी विचारणार आहे."

"इचारा."

"सगळ्या बिल्डिंगला कलेजी. मीटरवाल्याला कलेजी. मी काय घोडं मारलंय? मलाच दर रविवारी पेटा का?"

भाऊजींना खरंच प्रश्न कळला नव्हता.

"पेटो घरच्यांचो न्हय?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कलेजी काय, पावण्यांची. पाच मिनटात होता. मस्कतवालो करता ती, मी खंय करतंय? पेट्याक बसाचा लागता. साफ करा, सोला, चोळा, वात बारीक करून बसान ऱ्हवा. भायरच्या माणसांसाठी इतक्या कोण बसता?"

मी टोपाकडे बघितलं. म्हणजे दर रविवारी मी खिडकीतून ज्याला रिकामटेकडा म्हणत होते, तो माझा डबा शिजवत बसलेला होता. दुसऱ्या कोणाचाही नाही. माझा.

"आमच्याकडे कलेजी आयल्यागेल्याक," भाऊजी पळीने टोप ढवळत म्हणाले. "नायतर माका. इंदू पेटो खायची. आपणच करायची, आपणच खायची. म्हणायची, माका ह्योच आवडता. मी म्हणायचंय, आवडता तर खा." इंदू म्हणजे त्यांची बायको. तिचं नाव त्या दिवसापर्यंत त्यांनी माझ्यासमोर घेतलं नव्हतं. "खराच आवडायचो काय, देवाक म्हायत. तिना कधी मागूक नाय, मी कधी इचारूक नाय. मगे दमो वाढलो. श्वास पुरत नसायचो. शेवटी शेवटी खाणाच सुटला."

स्टोव्हची वात फडफडली. त्यांनी ती खाली केली.

"तुमका कलेजी व्हयी तर देतंय, वैनी. त्यात काय. पण मगे ह्यो पेटो मी कोणाक देव?"

मी भांडायला गेले होते. गुप्तेबाईंचा, म्हात्र्यांचा, मीटरवाल्याचा सगळा हिशोब तोंडावर आणून ठेवला होता. आणि मला हेवा कोणाचा वाटायला लागला, तर कधी न पाहिलेल्या, मेलेल्या बाईचा. तिच्यासाठी कोणीतरी उशिरा का होईना, दर रविवारी स्टोव्हसमोर बसत होतं. आमचे हे माझ्यासाठी चहाच्या आधणासमोर कधी उभे राहिले नाहीत.

"नको," मी म्हटलं. "पेटाच द्या."

"तुम्ही इचारलात, बरा केलात," भाऊजी म्हणाले. मला वाटलं आता पुढे म्हणतील, वाफेक वाट व्हयी. म्हणाले नाहीत. पळीने एक तुकडा दाबून बघितला.

पुढच्या रविवारी मी खिडकीशी खोबरं किसत होते. सगळ्यांना कलेजी वाटून झाली होती. मस्कतवाल्याचा दिवा बंद होता. भाऊजी पाटावर बसले होते, स्टोव्ह पेटलेला होता, आणि तरी मला ऐकू आलं, "श्वास घे गो बाय. घे." अगदी हळू. मी किसणी खाली ठेवली, पण डोकावले नाही.

डबा आला. मी झाकण उघडलं. पेटे नेहमीसारखे, आणि सगळ्यांच्या वर एकच कलेजी. चार ठिकाणी टोचलेली.

"अरे वा, पावली म्हणायची कलेजी," म्हणत ह्यांनी हात पुढे केला. तो मी मनगटाला धरून बाजूला केला. "पेटे घ्या. कितीही घ्या."

ती कलेजी खरी कोणाची, ते मला कळत होतं. ती मला वाढलेली नव्हती. तरी मी ती खाल्ली, ओट्याशी उभ्या उभ्या, सावकाश, आणि शेवटी बोटसुद्धा चाटून घेतलं. मग डबा घासला, त्यात दोन गरम भाकऱ्या घातल्या आणि खिडकीतून हाक मारली.

"भाऊजी, कलेजी मऊ झाली होती हो. मस्कतवाल्याने आज कमाल केली."

ते पाटावरून उठले, खिडकीपाशी येऊन डबा घेतला आणि झाकण उघडून भाकऱ्या आहेत का ते बघितलं.

"मस्कतवाल्यातली न्हय ती," ते म्हणाले. "स्टोवार केलंय. बसान."